चकव्याची रात्र, साचेवाल्यांचं नाटक

गणपतीचे दिवस आले की महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर रात्री उशिरापर्यंत ढोलकी ऐकू येते. मधोमध बुवा आणि त्यांचे साथीदार बसलेले, भोवती रिंगण धरून नाचणारी, पायात चाळ बांधलेली पोरं. हा जाखडीचा नाच. मुंबईत त्याला बाल्या नाच म्हणायची रीत पडली. दोन पक्ष समोरासमोर आले की झाला शक्ती-तुऱ्याचा सामना. शक्तीवाले गाऊन विचारणार, आदिशक्ती नसती तर शिवाला जागचं हलता तरी आलं असतं का? तुरेवाले उलटून विचारणार, शिवच नसता तर तुमची शक्ती राहिली असती कुठे? प्रकृती मोठी की पुरुष मोठा, हा सांख्यांच्या काळापासूनचा वाद इथे ढोलकीच्या ठेक्यावर, पुराणातले दाखले काढत आणि मधूनच समोरच्या बुवांची टर उडवत रंगतो. निकाल लागत नाही. लागावा अशी कुणाची इच्छाही नसते, कारण पुढच्या वर्षी पुन्हा सामना व्हायचा असतो.

लंडनमध्ये १५९५-९६च्या सुमारास विल्यम शेक्सपिअरने 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' हे नाटक लिहिलं, त्याच्या मुळाशी असाच एक सामना आहे. अथेन्सजवळच्या रानात पऱ्यांचा राजा ओबेरॉन आणि राणी टायटेनिया यांचं बिनसलंय. नुसता अबोला नाही. दोघांचे दोन तळ पडलेत आणि हाताखालची मंडळीही वाटली गेलीत. भांडण कशावरून, तर एका लहान मुलावरून. आणि मराठी वाचकाने इथे जरा सावरून बसावं, कारण तो मुलगा भारतातला आहे.

तो राणीकडे आला कसा, याच्या दोन हकिगती नाटकातच आहेत आणि त्या जुळत नाहीत. राजाचा खोडकर हस्तक पक सांगतो, की पोर एका हिंदी राजाकडून पळवून आणलंय. टायटेनियाचं सांगणं वेगळं. मुलाची आई तिची भक्त आणि सखी होती. भारताच्या किनाऱ्यावर, मसाल्यांच्या वासाने भरलेल्या रात्रीच्या हवेत, दोघी वाळूत बसून व्यापाऱ्यांची गलबतं बघत. वाऱ्याने शिडं फुगली की त्या हसत. सखी तेव्हा गरोदर होती आणि शिडांची नक्कल करत डुलत डुलत चालून दाखवी. बाळंतपणात ती गेली. तिच्यासाठी म्हणून पोर वाढवतेय, म्हणून सोडणार नाही, असं राणी ठणकावून सांगते. अवघ्या काही ओळींचं हे भाषण, पण साऱ्या नाटकात मैत्रीबद्दल याहून खरं काही कुणी बोलत नाही.

शेक्सपिअरला हा किनारा कुठून सुचला? नाटकासाठी त्याने ओव्हिडकडून, चॉसरकडून, प्लुटार्ककडून काय काय उचललं, ते अभ्यासकांनी शोधून ठेवलंय. भारताचा वारा मात्र बहुधा बंदरातल्या गप्पांतून आला. राल्फ फिच नावाचा लंडनचा व्यापारी १५८३मध्ये पोर्तुगीजांच्या कैदेत गोव्याला पोचला होता, तिथून निसटून हिंदुस्थान हिंडला आणि १५९१मध्ये घरी परतला. नाटक पहिल्यांदा छापलं गेलं १६०० साली, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. त्या शहराचं लक्ष कुठे लागलं होतं, हे वेगळं सांगायला नको. गंमत अशी, की ज्या मुलावरून एवढं रामायण घडतं, तो संहितेप्रमाणे रंगमंचावर एकदाही येत नाही.

राजा-राणीच्या भांडणाचा हिशेब भलतेच लोक चुकते करतात. टायटेनिया नवऱ्याला सुनावते, की आपल्या वैरामुळे ऋतू फिरलेत. नद्या पात्र सोडून शेतात घुसल्यात, बैलाने ओढलेलं जू आणि शेतकऱ्याने गाळलेला घाम फुकट गेला, हिरवं पीक कणीस धरण्याआधीच कुजलं, बुडालेल्या रानात मेंढ्यांचे वाडे ओस पडले. हिरवळीवर खणलेला नवकांकरीचा पट चिखलाने भरून गेला, असंही ती सांगते. नऊ-नऊ सोंगट्यांचा हा खेळ आपल्याही ओळखीचा. महाराष्ट्रातल्या लेण्यांच्या आणि गडांच्या कातळांवर त्याचे पट कोरलेले सापडतात. इंग्लंडमध्ये १५९४पासूनची काही वर्षं खरोखरच अतिवृष्टीची आणि नापिकीची होती, त्यामुळे प्रेक्षकांना हे पऱ्यांचं बोलणं वाटलं नसणार. २२ जुलै २०२१च्या रात्री ज्यांनी महाडात सावित्री आणि गांधारीचं पाणी पहिल्या मजल्याकडे चढताना पाहिलं, त्याच दिवशी तळिये, केवनाळे, सुतारवाडी इथे डोंगर खाली आलेले ज्यांनी ऐकले, त्यांनाही वाटणार नाही.

आता माणसांकडे. अथेन्सचा राजा थीसिअस याचं चार दिवसांवर लग्न आलंय. नवरी हिपॉलिटा, तिला त्याने युद्धात जिंकून आणलंय. तेवढ्यात एजिअस नावाचा बाप तणतणत दरबारात येतो. पोरगी हर्मिया लायसँडरवर जीव लावून बसलीय, बापाने ठरवलाय डिमीट्रिअस. दोन्ही मुलं घराण्याने, पैशाने सारख्याला वारखी. तरीही बापाची मागणी अशी, की अथेन्सच्या जुन्या कायद्याप्रमाणे पोरीने माझं ऐकावं, नाहीतर तिला मरणाची सजा व्हावी. राजा त्यात तिसरी वाट दाखवतो: जन्मभर देवळात कुमारी राहा. कायदा सैल करणं माझ्या हातात नाही, असं तो सांगतो.

सुखान्त नाटकाची ही सुरुवात आहे, हे विसरून चालत नाही. पुढचं हसणं सगळं या धमकीखाली घडतं. लेकीबाळींवर बापाची सत्ता सांगणारा जुना ग्रंथ म्हटल्यावर महाडच्या माणसाला एकच तारीख आठवते: २५ डिसेंबर १९२७. त्या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालच्या परिषदेत, फत्तेखान यांनी दिलेल्या जागेवर, मनुस्मृती जाळली गेली. ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. बाईने लहानपणी बापाच्या, तरुणपणी नवऱ्याच्या आणि म्हातारपणी मुलाच्या ताब्यात राहावं, हे त्याच ग्रंथातलं. त्याच वर्षी मार्चमध्ये भरलेली पहिली परिषद महाडच्या वीरेश्वर थिएटरात झाली होती. २० मार्चला लोक चवदार तळ्याकडे चालत निघाले, ते त्या नाटकाच्या मांडवातून. तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं.

थीसिअसचा कायदा मात्र एका रात्रीत ढासळतो. चौथ्या अंकात बाप पुन्हा कायदा-कायदा करू लागतो, तेव्हा राजा एका वाक्यात त्याला गप्प करतो आणि दोन्ही जोडप्यांची लग्नं आपल्याबरोबरच लावतो. हे राजाचं मोठं मन म्हणायचं का? तसं म्हणणारे पुष्कळ आहेत. पण बारकाईने पाहिलं तर कायदा हरलेलाच नाही, फिर्यादीचा साक्षीदार उलटलाय. डिमीट्रिअसनेच सांगितलं, की मला हर्मिया नको, हेलेना हवी. बापाच्या हातात जावईच उरला नाही, मग कायदा लावणार कुणासाठी?

तो उलटला कसा, ही त्या रात्रीची गोष्ट.

कोकणात रात्रीच्या वाटसरूला चकवा लागतो. वरंध घाट उतरताना असो की पोलादपूरहून आंबेनळीच्या बाजूला, ओळखीची वाट एकाएकी अनोळखी होते, माणूस तासन्‌तास चालतो आणि फिरून त्याच झाडाखाली येतो. हाक ऐकू येते, हाक देणारा दिसत नाही. अशा वेळी धावाधाव न करता जागच्या जागी बसावं आणि उजाडायची वाट बघावी, असं जुनी माणसं सांगतात. शेक्सपिअरचा पक हा असाच चकवा. इंग्रज खेड्यात त्याच्या नावावर बारीकसारीक खोड्या जमा होत्या: दुधावरची साय लांबवणं, घुसळणारणीच्या ताकावर लोणी येऊ न देणं, म्हातारी बसायला गेली की तिच्याखालची तिवई होऊन सटकणं, आणि रात्री वाट चुकवून वर हसणं.

हर्मिया आणि लायसँडर पळून जायला रानात शिरतात. मागून डिमीट्रिअस, आणि डिमीट्रिअसच्या मागून हेलेना. तिला त्याने पूर्वी वचन दिलं होतं, आता तो तिचं तोंड पाहत नाही. ओबेरॉनकडे एका जांभळ्या फुलाचा रस आहे. झोपलेल्याच्या पापण्यांवर लावला, की जागं झाल्यावर जे पहिलं दिसेल त्याच्यावर जीव जडतो. तो टायटेनियाला धडा शिकवायला निघालाय, पण जाता जाता हेलेनाची दया येऊन पकला सांगतो, त्या अथेन्सच्या पोराच्याही डोळ्यांत घाल. पकला कोण कुठला पोरगा, काय माहीत? तो भलत्याच्या, म्हणजे लायसँडरच्या डोळ्यांत घालतो. ही चूक दुरुस्त करायला गेल्यावर दोन्ही पुरुष हेलेनाच्या मागे लागतात. आणि हेलेना काय करते? तिला वाटतं, तिघे मिळून आपली चेष्टा करताहेत. ज्या बोलण्यासाठी ती आयुष्यभर आसुसली, ते ऐकू आल्यावर तिचा विश्वास बसत नाही. मग दोन बालमैत्रिणी एकमेकींच्या उंचीवरून भांडतात, एक बुटकी आणि एक उंच, आणि अंगावर धावून जाण्यापर्यंत मजल जाते. विनोदी प्रवेश म्हणून याला तोड नाही; पण लायसँडर हर्मियाला झिडकारताना जे बोलतो, ते वाचताना हसू अडखळतं.

शेवटी पक धुकं पसरवतो, दोन्ही पुरुषांना एकमेकांच्या आवाजात हाका मारून रानभर फिरवतो आणि थकवून एकाच जागी आणून झोपवतो. चकव्यावरचा जुन्या माणसांचा उपाय नेमका हाच. सकाळ होते, आणि भांडण राहिलेलं नसतं. कुणी कुणाची माफी मागितलेली नाही, कुणी कुणाला समजावलेलं नाही. त्यांना वाटतं, स्वप्न पडलं.

खरं तर या स्वप्नांच्या नाटकात खरंखुरं स्वप्न एकच आहे, आणि ते हर्मियाला पडतं. रानात ती एकटी झोपलेली असताना दिसतं, की साप आपलं काळीज खातोय आणि लायसँडर बाजूला बसून हसतोय. ती किंचाळून उठते, तर लायसँडर खरंच नाही. तो एवढ्यातच हेलेनामागे गेलाय. बाकीच्यांनी ज्याला स्वप्न म्हटलं ते सगळं जागेपणी घडलेलं. आणि जे स्वप्न होतं, तेवढं अचूक निघालं.

थीसिअसला या हकिगतींवर विश्वास नाही. वेडे, प्रेमिक आणि कवी एकाच माळेचे मणी, त्यांना नसलेलं दिसतं, असं त्याचं मत. हे भाषण सुटं काढून शाळा-कॉलेजांत शंभर वर्षं शिकवलं गेलं. त्यानंतर हिपॉलिटा जे दोन वाक्यांत म्हणते, त्याकडे कमी लोक थांबतात. तिचा मुद्दा साधा आहे: चौघंही तेच सांगताहेत, चौघांची मनं एकाच वेळी पालटली, म्हणजे त्यात कल्पनेपेक्षा काही जास्त असलं पाहिजे. राजा कवितेवर बोलतो, राणी पुरावा तपासते. वाद इथेही निकालात निघत नाही.

या सगळ्यांपेक्षा मोठा माणूस अजून यायचाय. त्याचं नाव बॉटम, आणि तो विणकर आहे.

राजाच्या लग्नात नाटक करावं म्हणून अथेन्सचे सहा कारागीर रात्री रानात तालमीला जमतात: सुतार पीटर क्विन्स, विणकर बॉटम, भाता दुरुस्त करणारा फ्लूट, भांड्यांना डाग देणारा स्नाउट, जोडारी स्नग, शिंपी स्टारव्हलिंग. सुतार दिग्दर्शक. बॉटमला नायकाचं काम मिळतं, पण त्याला नायिकेचंही हवं आणि सिंहाचंही हवं. फ्लूटच्या वाट्याला नायिका येते, तर तो कुरकुरतो की मला मिसरूड फुटायला लागलीय. स्नग विचारतो, सिंहाची भाषणं लिहून झाली असतील तर आधी द्या, मला पाठ व्हायला वेळ लागतो. त्याला सांगितलं जातं, नुसतं गुरगुरायचं आहे. मग चिंता, की सिंह बघून दरबारच्या बायका घाबरल्या तर? आपल्याला फाशी होईल. उपाय: सिंहाने अर्धं तोंड उघडं ठेवून सांगावं, बायांनो, मी जोडारी आहे. चांदणं कसं आणायचं? पंचांग काढतात, त्या रात्री चंद्र आहे. तरी एकाने कंदील धरून चंद्र व्हायचं ठरतं. भिंत पाहिजे, तर एक जण अंगाला चुना-माती फासून भिंत होतो आणि दोन बोटांची फट धरून उभा राहतो. त्या फटीतून नायक-नायिकेने बोलायचं.

ज्याने कोकणात शिमग्याला देवळासमोर किंवा गणपतीत वाडीच्या मांडवात नाटक पाहिलंय, त्याला यातलं प्रत्येक माणूस ओळखीचा निघेल. सगळीच कामं मागणारा एक असतोच. बाईचं काम गळ्यात पडलेला एक असतो. नमनातल्या गवळणींत मावशी म्हणून लुगडं नेसून हशा पिकवणारा गडी दिवसा नांगर धरत असतो. नकला करून वह्या वाटणारा, तालमीला दांडी मारणाऱ्यावर चिडणारा आणि ऐनवेळी प्रॉम्प्टरची जागा घेणारा एक पीटर क्विन्स असतो.

आणि विणकर म्हणाल, तर तो योगायोगही इथे खरा आहे. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ जमिनीवर वर्षाचा भात पुरत नसे, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. कुणी साचेखात्यात लागला, म्हणजे मागावर, तो साचेवाला. दिवसाची पाळी करून साचेवाल्यांनी रात्री तालमी केल्या, लालबाग-परळच्या गल्ल्यांत भजनं, शक्ती-तुरे आणि नाटकं उभी केली. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२चं. ते उभारणारी सोशल सर्व्हिस लीग १९११मध्ये ना. म. जोशींनी सुरू केली, आणि हे जोशी महाडशेजारच्या गोरेगावचे. पुढे कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा आल्या. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, गिरण्या बसल्या, साचे भंगारात गेले. गावाकडे परतलेल्यांनी नाटकाच्या वह्या बरोबर आणल्या. शेक्सपिअरच्या कारागिरांना दरबार हसतो. राजा मात्र तेच नाटक हट्टाने निवडतो, ज्या हातांनी आजवर फक्त मजुरी केली त्यांचं.

बॉटमचं पुढे काय होतं, ते जगाला माहीत आहे. पक त्याच्या धडावर गाढवाचं डोकं बसवतो, साथीदार बोंब मारत पळतात, आणि डोळ्यांत रस पडलेली टायटेनिया जागी होते ती नेमकी त्याच्यासमोर. पऱ्यांची राणी गाढवावर भाळते. बॉटम जराही गडबडत नाही. तुम्ही माझ्यावर प्रेम करावं असं काही कारण दिसत नाही, एवढं तो तिला सरळ सांगतो, आणि मग सेवेला आलेल्या पऱ्यांची नावं-गावं आदबीने विचारतो. त्याला खायला हवं ते वाळकं गवत. नाटकातले चार प्रेमिक प्रेमाने बावचळतात. हा एकटा प्रेमातही आपलं कुलशील सोडत नाही. सकाळी माणसाचं डोकं परत आल्यावर त्याला आठवतं, पण सांगता येत नाही. डोळ्याने ऐकलं, कानाने पाहिलं, अशी त्याची गत. क्विन्सला सांगून यावर एक पद रचून घ्यावं, असं तो ठरवतो. शाहिराला सांगून गाणं करून घेऊ, असंच म्हणायचं झालं.

इतकं आपल्या वळणाचं नाटक मराठी रंगभूमीवर मात्र रुजलं नाही. शेक्सपिअर मराठीत आला तो जोरात आला: महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७मध्ये 'ऑथेल्लो' भाषांतरित केलं, आगरकरांनी १८८३मध्ये 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं, देवलांचं 'झुंजारराव' १८९०चं. सुखान्तिकांत गाजलं ते वासुदेव बाळकृष्ण केळकरांचं 'त्राटिका' (१८९१), 'टेमिंग ऑफ द श्रू'वरचं. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी प्रतापराव आणि बाळाभाऊ जोग त्राटिका. तिथेही सलोखाच होतो, पण तो नवऱ्याने बायकोला उपाशी ठेवून घडवून आणलेला. पऱ्यांच्या नाटकाला अशी लोकप्रियता लाभली नाही.

कारण काय असावं? एक अंदाज असा, की सुशिक्षित मराठी प्रेक्षक तेव्हा नेमका त्याच प्रकारातून बाहेर पडायला धडपडत होता. विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, त्या पौराणिक खेळांत सोंडेचा गणपती येई, मोरावरची सरस्वती येई, विदूषक वनचराच्या वेषात उड्या मारत येई आणि राक्षस आरोळ्या ठोकत येत. इंग्रजी शिकलेल्यांना हे गावंढळ वाटू लागलं होतं. शेक्सपिअरकडे ते गेले ते गंभीर, मनाचा ठाव घेणाऱ्या नाटकासाठी. तिथेही माणसाच्या धडावर जनावराचं डोकं आणि झाडामागून डोकावणारी भुतं निघाली, तर उपयोग काय? लंडनमध्येही सॅम्युअल पेपिसने १६६२मध्ये हे नाटक पाहून, इतकं नीरस आणि हास्यास्पद काही आपण जन्मात पाहिलं नाही, अशा अर्थाची नोंद रोजनिशीत केली होती. म्हणजे नाक मुरडणारे सगळीकडचे. महाडचे नाटककार यशवंत नारायण टिपणीस महाराष्ट्र नाटक मंडळीच्या उभारणीत पुढे होते, पण त्यांची लेखणी 'शहा-शिवाजी', 'शिक्का-कट्यार' अशा ऐतिहासिक नाटकांत रमली. रुसवा, गैरसमज आणि दिलजमाई यांची मराठीची हौस 'मानापमान' (१९११) आणि 'संशयकल्लोळ' (१९१६) यांनी भागवली. तिथे रान नाही. दिवाणखाना आणि तसबीर पुरते.

नाटकाला खरा सूर गवसला तो लोकरंगभूमीकडे वळल्यावर. हबीब तन्वीर यांनी १९९३मध्ये 'कामदेव का अपना, बसंत ऋतु का सपना' केलं, ते छत्तीसगडच्या गावकरी नटांना घेऊन, आणि त्यात कारागिरांनाच मुख्य केलं. मराठीतले चेतन दातार यांनी 'जंगल में मंगल'मध्ये तमाशाचा बाज घेतला आणि पुरुषांना बायकांची, बायकांना पुरुषांची कामं दिली. २००६मध्ये टिम सपल या इंग्रज दिग्दर्शकाने भारत आणि श्रीलंकेतले नट जमवून जो प्रयोग केला, त्यात इंग्रजीबरोबर हिंदी, बंगाली, तमिळ, मल्याळम, सिंहली आणि मराठीही बोलली जाई. पाठीमागच्या कागदी भिंतीला भोकं पाडून पऱ्या बाहेर पडत. मुंबईचे जॉय फर्नांडिस त्यात बॉटम होते. दिल्लीत सुरू झालेला हा प्रयोग त्याच वर्षी स्ट्रॅटफर्डला, शेक्सपिअरच्या गावी झाला.

पण दिलजमाईचं काय? ओबेरॉनला मूल मिळालं, ते बायकोला गुंगीत ठेवून. शुद्धीवर आल्यावर ती मुलाचं नावही काढत नाही. दोघे नाचतात आणि ऋतू जागेवर येतील असं आपण धरून चालायचं. लायसँडरच्या डोळ्यांवरचा रस उतरवला गेला. डिमीट्रिअसच्या डोळ्यांवरचा कुणीच उतरवला नाही. तो हेलेनाबरोबर संसार करणार तो त्याच रसाच्या अमलाखाली, आणि पडदा पडेपर्यंत हे कुणाला खटकत नाही. हेलेनाचं तेवढं मात्र लक्षात राहण्यासारखं: हाती लागलेलं रत्न आपलं आहे आणि नाहीही, असं काहीसं ती त्या सकाळी म्हणते.

पाचव्या अंकात लग्नं लागलीत, कारागिरांचं नाटक चाललंय, नवरे मंडळी भिंतीवर आणि सिंहावर शेरे मारताहेत. हिपॉलिटाही बोलते. हर्मिया आणि हेलेना यांच्या वाट्याला त्या सबंध अंकात एकही ओळ नाही. ज्या दोघी चार अंक बोलत, रडत, भांडत होत्या, त्या तिथे बसून असतात. हसत असतील, एकमेकींशी बोलत असतील किंवा नसतील. ते प्रत्येक दिग्दर्शकाला ठरवावं लागतं.

आणि एजिअस? आपल्याकडे पळून जाऊन केलेल्या लग्नाची बातमी आली, की पहिला प्रश्न तोच: बाप मांडवात आला का? शेक्सपिअरच्या छापील प्रतींत याची दोन उत्तरं आहेत. १६००च्या सुट्या प्रतीत चौथ्या अंकात राजाने गप्प केल्यावर एजिअस पुन्हा दिसत नाही. लग्नातल्या करमणुकीची व्यवस्था फिलोस्ट्रेट नावाचा दरबारी बघतो आणि खेळांची यादी राजा स्वतः वाचतो. १६२३च्या मोठ्या संग्रहात फिलोस्ट्रेटची जवळजवळ सगळी भाषणं एजिअसच्या तोंडी दिलीत. म्हणजे बाप आलाय, कामाला लागलाय, आणि साचेवाल्यांचं ते नाटक घेऊ नका म्हणून राजाला विनवतोय. त्याच प्रतीत खेळांची यादी वाचण्याचं काम लायसँडरकडे आहे. सासऱ्याच्या व्यवस्थेतली यादी जावई मोठ्याने वाचतो, राजा एकेक खेळ नापसंत करत जातो, आणि हर्मिया काही बोलत नाही.